पाणी न मोजता

आधीच सांगून ठेवतो, कोकणात मी दुष्काळ पाडला ही गोष्ट साफ खोटी आहे. आमची गाडी परत यायच्या आधीच ही बातमी आमच्या सोसायटीत पोचली होती. ती कुणी पोचवली हेही मला ठाऊक आहे, आणि त्या माणसाशी मी आता फक्त लिफ्टमध्ये आणि नाइलाज म्हणून बोलतो.

आम्ही राहतो संभाजीनगरात, बायपासच्या पलीकडं. इमारतीचं नाव 'जलतरंग रेसिडेन्सी'. बिल्डरनं हे नाव ठेवलं तेव्हा आजूबाजूला ज्वारीची रानं होती. बघता बघता शहर इकडं धावत आलं, पाण्याचा पाइप मात्र मागंच राहिला. तो आणायचा म्हणून रस्ता खोदून ठेवलाय, त्या खड्ड्यात आता शेळ्या बसतात. पाऊस तर दोन वर्षं आमच्यावर रुसलेला. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, ते खालच्या हौदात पडतं आणि मग मोटार लावून प्रत्येक फ्लॅटच्या टाकीत पाळीनं चढवतात. पाळीला घरातलं माणूस मोटारीपाशी उभं पाहिजे. माणूस नसेल तर पाळी गेली, पुढच्या पाण्यापर्यंत बोंबला. शेजाऱ्याला सांगून जमत नाही. हा ठराव मीच मांडला होता आणि तो योग्यच होता, कारण त्याआधी लोक सासुरवाडीला जाऊन बसायचे आणि त्यांच्या टाक्या भरायचो आम्ही.

घरात आंघोळीला माणशी एक बादली. आमची सौ. मीनाक्षी बाथरूममध्ये गेली की मी बाहेर पेपर वाचत बसतो, पण कान तिकडं असतो. बादलीत मग बुडवल्याचा आवाज जरा जास्त झाला की मी ओरडतो, "पुरे आता! बाकीच्यांना राहू दे!" माझं बायकोवर प्रेम नाही असं कुणी समजू नये. पाण्याच्या बाबतीत घरात एक माणूस वाईट व्हावाच लागतो.

एप्रिलमधल्या त्या दिवशी मी असाच ओरडलो, आणि मीनाक्षी कानामागं शाम्पूचा फेस तसाच घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता भांडण. भांडणाची माझी तयारी असते. पण ती शांतपणे म्हणाली, "मला समुद्रावर न्या."

"समुद्रावर? एकदम?"

"लग्न झाल्यापासून मला दगड दाखवताय. पाहुणा आला की वेरूळ, पाहुणा आला की दौलताबाद. तो किल्ला मी इतक्यांदा चढलेय की तिथली वटवाघळं मला ओळखतात. मी अजून समुद्र बघितलेला नाही. आणि नुसता बघायचा नाहीये. मला एकदा, फक्त एकदा, पाणी न मोजता अंगावर घ्यायचंय."

एवढं बोलून ती आत गेली आणि उरलेल्या अर्ध्या मगात तिनं केस धुतले. मी पेपर वाचायचा प्रयत्न केला. अक्षर दिसेना.

आता कुणी म्हणेल, जायचं तर जायचं, त्यात काय एवढं? असं म्हणणारा माणूस आमच्या शहरात राहत नसणार. आमच्याकडं मुंज, बारसं, साखरपुडा सगळं दोन पाण्यांच्या मधे बसवावं लागतं. आणि पाण्याचा दिवस पक्का नाही. म्हणून मी सरळ पाण्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी मला उभंच ठेवलं. मी विमा ऑफिसात बसणारा माणूस आहे, लोकांना उभं ठेवायची मलाही सवय आहे, पण मी निदान मान तरी वर करतो.

"मे महिन्यात आमच्या भागात पाणी कधी येईल, एवढंच हवंय," मी म्हणालो.

"अर्ज द्या."

"कशाचा?"

"हेच विचारल्याचा."

"आणि उत्तर कधी मिळेल?"

"पाणी आलं की कळंलच ना तुम्हाला," साहेब म्हणाले आणि चहाला निघून गेले.

मग मी कडुबाला गाठलं. कडुबा आमच्या भागातला व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस. आमच्याकडं लोक आमदाराला नमस्कार करत नाहीत, कडुबाला करतात. तो म्हणाला, "शनवारी सोडतो, मंग पुढल्या शनवारपातूर नाव नका घिऊ. बिनघोर जा, साहेब." बिनघोर हा शब्द मी तेव्हाच ओळखायला हवा होता.

इकडं सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचा इंद्रजीत बँकेत आहे आणि एकदा कोकणात जाऊन आलेला आहे. एकदाच. पण बोलतो असं की समुद्र यानंच खोदला. "काका, नुसतं किनाऱ्यावर बसून येऊ नका यार! आजकाल ॲक्टिव्हिटी करतात लोक. डॉल्फिन बघायचे, बनाना राइड घ्यायची, पॅरासेलिंग करायचं. मी तुम्हाला पूर्ण पॅकेज लावून देतो, माझी ओळख आहे तिथं." त्याची बायको सुलेखा म्हणाली, "काकूंना विचारा की आधी, त्यांना काय करायचंय ते." इंद्रजीत म्हणाला, "काकूंना काय माहीत तिथं काय काय असतं!" आणि सांगायला वाईट वाटतं, पण मलाही ते पटलं. एवढं लांब जायचं आणि नुसतं पाण्यात बसायचं? बसणं घरीही होतं.

आमचे सेक्रेटरी साहेबराव यांनी जिन्यातच अडवलं. "चालले व्हय? जा, जा. पण पानी आलं तर पाळी जाईल बरं का, भाऊ. ठराव हाय." मी म्हणालो, "साहेबराव, ठराव मला शिकवू नका, तो मीच लिहिलाय." हे वाक्य मला पुढं फार महागात पडलं.

शनिवारी पाणी आलं. मी टाकी भरली, पिंप भरलं, पातेली भरली, कुलूप लावलं आणि रविवारी पहाटे मी, मीनाक्षी आणि आमची मुलगी मृण्मयी आमच्या जुन्या गाडीतून निघालो. डिकीत पिण्याच्या पाण्याचे दोन जार ठेवले. मृण्मयी म्हणाली, "बाबा, आपण समुद्राकडं चाललोय. पाणी घेऊन?" मी तिला सांगितलं, की पाण्याच्या बाबतीत मी कुणावरही विश्वास ठेवत नाही, समुद्रावरही नाही. वाटेत घाटात गाडी तापली तेव्हा एक जार इंजिनला पाजावा लागला. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

पोचलो ते दुसऱ्या दिवशी भर दुपारी. गावाचं नाव सांगत नाही, संबंध आणखी बिघडायला नकोत. नारळाच्या बागेत कौलारू खोल्या, मालक तोडणकर नावाचे गृहस्थ. बागेच्या मागून समुद्राचा आवाज येत होता, नुसता घों घों. मीनाक्षीनं चप्पलसुद्धा काढली नाही. "मी जाऊन येते," म्हणाली.

"अगं, भर उन्हात? चक्कर येईल. आधी पाण्याचं बघू, मग समुद्राचं."

ती थांबली. तिला थांबायची सवय आहे.

मी बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडला. कोरडा! फूस असा आवाज आला आणि बंद. तोडणकर म्हणाले, "लाइट गेली हो. पंप चालू झाला की येईल." आता आमच्याकडं अशा वेळी काय करतात ते सांगतो. नळ सोडूनच ठेवायचा, खाली रिकामी बादली ठेवायची आणि आडवं व्हायचं. पाणी आलं की बादलीत ठण्ण वाजतं आणि माणूस जागा होतो. आमच्या शहरात लहान पोरंसुद्धा त्या आवाजानं उठतात, मग ती शाळेच्या घंटेनं न उठोत. तसा मी नळ सोडून ठेवला, बेसिनचाही सोडला, म्हटलं कुठून का होईना येऊ दे. मृण्मयीच्या बाथरूममध्येही तसंच केलं. आणि गाडीच्या शिणानं तिघंही आडवे झालो.

आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? घरी बादली वाजते तेव्हा मागं समुद्र नसतो! इथं लाइट आली, पंप सुरू झाला, पाणी आलं, बादली भरली, सांडली, वाहिली, आणि मागं घों घों चाललेलं. मला झोपेत वाटलं, वा, काय लाटा आहेत! स्वप्नातसुद्धा मी लाटांचंच कौतुक करत होतो. जाग आली ती दारावरच्या धक्क्यांनी. उठून पाय खाली टाकला तर घोटाभर पाणी आणि माझी चप्पल दाराकडं निघालेली.

बाहेर तोडणकर उभे. मागं कोल्हापूरकडचं एक मोठं कुटुंब, नुकतंच समुद्रातून आलेलं, केसांपासून पायापर्यंत वाळूनं माखलेलं. त्यांच्या नळाला पाणी नव्हतं. सगळं आमच्या खोलीतून अंगणात आणि अंगणातून माडांना गेलं होतं.

"अहो, टाकी रिकामी केलीत माझी!" तोडणकर म्हणाले. "मे महिना आहे. विहिरीनं तळ गाठलाय. आता उद्यापर्यंत थेंब नाही."

"विहिरीनं तळ गाठलाय? कोकणात?" मी म्हणालो. माझा विश्वासच बसेना. "अहो, तुमच्याकडं चार-चार महिने पाऊस धो धो पडतो! आम्ही टीव्हीवर बघतो, बघून आमचा जळफळाट होतो. मग ते सगळं पाणी जातं कुठं?"

तोडणकरांनी हात लांब करून बागेच्या मागं दाखवलं. "तिकडं. समुद्रात."

मला इतका संताप आला म्हणून सांगू! हा निष्काळजीपणा आमच्या मराठवाड्यात कुणी केला असता तर त्याला आम्ही जगू दिलं नसतं. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यावर वाळूनं माखलेल्या आजोबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

शेवटी टँकर मागवला. तो आला तेव्हा कोल्हापूरकर मंडळी बादल्या घेऊन चारी बाजूंनी धावली, धक्काबुक्की, आरडाओरडा. टँकर म्हणजे काय ते यांना माहीतच नाही! तिथं मला राहवलं नाही. मी पुढं झालो, ओळ लावली, लहान मुलं आधी केली, पाइप कसा पिळून धरायचा ते तोडणकरांना शिकवलं. तासाभरात सगळ्यांची आंघोळ झाली. यात माझी काही वाहवा झाली असेल असं वाटत असेल तर तसं नाही. एक बाई दुसरीला म्हणाली, "यांच्या गावाकडं रोज हेच असतंय म्हणं. हिथं पण घेऊन आले." हीच बातमी मृण्मयीनं हसत हसत कुणाला तरी फोनवर सांगितली, आणि इंद्रजीतच्या मुलीशी तिची मैत्री आहे. पुढचं सांगायला नको.

मीनाक्षी? मीनाक्षी अंधार पडेपर्यंत खोलीतलं पाणी केरसुणीनं बाहेर लोटत होती. समुद्र बागेच्या मागंच होता. नुसता ऐकू येत होता.

"उद्या," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "पाणी लोटताना चांगलं वाटत होतं पण. किती वर्षांनी एवढं पाणी बघितलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रजीतच्या ओळखीचा माणूस किनाऱ्यावर टेबल टाकून बसला होता. मीनाक्षी सरळ पाण्याकडं निघाली, मी तिचा हात धरला. म्हटलं, आधी पॅकेज उरकून घेऊ, मग बस तुला हवं तेवढं. ती त्या माणसाला म्हणाली, "दादा, मला यातलं काही नको. मला नुसतं पाण्यात बसायचंय."

त्यानं त्याच्या बोर्डाकडं बघितलं. "नुसतं बसायचं आपल्याकडं नाही, मॅडम."

पहिला कार्यक्रम डॉल्फिन. केशरी जॅकेटात आवळून आम्हाला बोटीत बसवलं. बोट लांब गेली, थांबली, आणि नावाडी म्हणाला, "तो बघा, तो बघा!" सगळे तिकडं बघेपर्यंत तो दुसरीकडं बोट दाखवायचा. आम्हाला एकही डॉल्फिन दिसला नाही. परत येताना म्हणतो, "आज सुट्टी दिसते त्यांची." विमा ऑफिसात मी असं उत्तर एखाद्या गिऱ्हाइकाला दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्यावर चौकशी बसली असती. मीनाक्षीनं बोटीतून हात खाली सोडला होता, पाण्याला लावायला. नावाडी ओरडला, "हात आत घ्या, मावशी!" तिनं घेतला.

मग पॅरासेलिंग, म्हणजे माणसाला छत्रीला टांगून बोटीनं आकाशात ओढायचं. तिथं माझं वजन केलं, सगळ्यांसमोर, आणि डोकं हलवलं. "काकांना वारा पुरायचा नाही." एवढा वारा सुटलेला, टोप्या उडत होत्या, आणि मला म्हणे पुरायचा नाही! मी हुज्जत घालणार होतो, पण मृण्मयीनं ओढून नेलं बनाना राइडकडं. ही काय भानगड असते ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक लांबलचक फुगवलेलं पिवळं केळं असतं. त्यावर प्रतिष्ठित माणसांना ओळीनं टांग टाकून बसवतात, बोटीनं ओढत नेतात आणि मधे मुद्दाम पाण्यात उलटवतात. मुद्दाम! मी वर आलो तेव्हा चष्मा गेला होता आणि नाकातोंडात समुद्र शिरला होता. मी म्हणालो, "हा अपघात झालाय, मी तक्रार करणार." केळंवाला म्हणाला, "अपघात नाही काका, तेच तर पॅकेज आहे."

किनाऱ्यावर येऊन खोकत बसलो तोच पिशवीत ठेवलेला फोन वाजला. साहेबराव.

"भाऊ, हायती कुठं तुमी? पानी आलंय."

"आज? मंगळवारी? कडुबा तर शनिवार म्हणाला होता!"

"पलीकडच्या नगरात जेसीबीनं लाइन फोडली. त्यांचं पानी कडुबानं हिकडं वळिवलं. लई फोर्स हाय आज, हौद बघा कसा भरायलाय! तुमची पाळी आली की."

"साहेबराव, ऐका. इंद्रजीतला उभं करा. पाचच मिनिटं मोटार लावा. मी हात जोडतो."

"मला काय, मी लावली असती हो. पन ठराव हाय ना." जरा थांबून म्हणाले, "तुमीच लिव्हलाय."

मी उभा राहिलो. माझं डोकं तडतडायला लागलं. दोन वर्षांत पहिल्यांदा पाणी फोर्सनं आलं होतं आणि मी इथं ओल्या पँटीत, चष्म्याशिवाय, उलटवून टाकलेला! मी फोनमध्ये ओरडत होतो. कडुबावर ओरडलो, जेसीबीवर ओरडलो, ज्यानं शहर एवढं वाढवलं त्याच्यावर ओरडलो. साहेबराव नुसते "व्हय, व्हय" म्हणत होते आणि त्यांच्या मागं हौदात पाणी पडल्याचा आवाज येत होता. तो आवाज ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. ओरडता ओरडता माझी नजर समोर गेली.

मीनाक्षी पाण्यात बसली होती. आम्हा दोघांना केळ्यावर घालवून ती कधी एकटीच गेली, कळलंच नाही. चष्म्याशिवाय मला तिचं तोंड नीट दिसत नव्हतं, पण तिची हिरवी साडी ओळखली. ती मांडी घालून बसली होती, आणि एकेक लाट येऊन तिच्या डोक्यावरून जात होती. लाट गेली की ती दोन्ही हातांनी केस मागं सारायची, तोवर दुसरी यायची. तिसरी. चौथी. कानात साहेबरावांचा हौद, डोळ्यांसमोर हे, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, जोरात, अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं:

"पुरे आता! बाकीच्यांना राहू दे!"

कोल्हापूरकर वळून बघायला लागले. वाळूत खेळणारी पोरं थांबली. केळंवाला फिदीफिदी हसला. हसू दे, त्याचं मला काही वाटलं नाही.

मीनाक्षी उठली. खरंच उठली हो. लगबगीनं उठली, आणि उजवीकडं हात केला. आमच्या बाथरूममध्ये उजवीकडच्या खिळ्याला टॉवेल असतो. तिथं समुद्रात हात पुढं करून ती टॉवेल चाचपत होती.

"हॅलो, हॅलो भाऊ," साहेबराव म्हणत होते. मी फोन मृण्मयीच्या हातात कोंबला आणि तसाच पाण्यात शिरलो.

"बस!" मी ओरडलो. "बस खाली! कुणी सांगितलं तुला उठायला?"

"तुम्हीच तर..."

"मी रोजच म्हणतो! रोज ऐकतेस का? घरी मेलं एक अक्षर ऐकत नाहीस, आणि आज बरी ऐकायला आली! बस म्हणतो ना!"

ती बसली. माझ्याकडं बघत बसली आणि मग हसायला लागली, खूप हसली, हसता हसता तिच्या तोंडात पाणी गेलं. मीही शेजारी बसलो. लाट आली आणि माझ्याही डोक्यावरून गेली.

मागून मृण्मयी ओरडली, "बाबा, साहेबरावकाका विचारतायत, तुमची पाळी पुढच्या माणसाला देऊ का?"

"दे म्हणावं!" मी ओरडलो. मला अजून रागच आला होता.

"अहो, चांगली पँट तुमची," मीनाक्षी म्हणाली. "आता खारट होईल, धुवायला किती पाणी लागेल."

"लागू दे," मी म्हणालो, आणि ओंजळ भरून पाणी तिच्या डोक्यावर ओतलं.